लाल फुलीच्या चौकटी

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत दिवसभर मिरचीचा आणि धण्यांचा खकाणा उडत असतो. त्या उग्र दरवळापुढे दुसरा कोणताही वास टिकाव धरीत नाही, असा तेथील रहिवाशांचा जुना अनुभव. तरीही राजाराम आपल्या स्टुडिओचे दार उघडून आत पाऊल टाकी, तेव्हा त्याला सर्वप्रथम जाणवे तो एक आंबूस वास. व्हिनेगरची बाटली कोणी रात्रभर उघडी टाकावी, तसा. हा वास भिंतींचा नव्हता की दमट लाकडाचा नव्हता. तो वडिलांच्या फिल्मींचा होता.

त्याचे वडील तुळशीदास यांनी गिरण्यांच्या ऐन भरात हा स्टुडिओ थाटला होता. त्यांच्या आयुष्यभराच्या निगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत निजल्या होत्या. मुंबईच्या हवेत फिल्म म्हातारी झाली की आंबते, आक्रसते, कडेने वळू लागते, आणि वाईट हे की एकीचा रोग शेजारणीला लागतो. एका डब्याला वास आला की महिन्याभरात मांडणीवरचे सारे डबे आजारी पडत. त्यात स्टुडिओची इमारत दिवाळीनंतर पाडली जाणार हे ठरलेले. गिरण्यांचा संप होऊन पंचवीस वर्षे उलटली होती. समोरच्या गिरणीच्या जागी काचेचा मनोरा उभा राहिला होता, आणि या जुन्या इमारतीचाही क्रम आता आला होता.

म्हणून राजारामाने हे काम हाती घेतले आणि एखाद्या नित्यकर्मासारखे त्याला नियमांत बांधून घेतले. हात धुवावेत. फिल्मची पट्टी मऊ कुंचल्याने झाडावी. पत्नी कौसल्येने ती स्कॅनरच्या काचेवर ठेवून संगणकात उतरवावी. मग आधी वर्ष, पुढे गिरणीचे खाते किंवा चाळ, शेवटी क्रमांक, असे प्रत्येक चित्राचे नाव. वर्ष ठाऊक नसेल तर चित्रामागे गणेशोत्सव मंडळाची आरास दिसते का ते पाहावे. कोणत्या साली कोणता देखावा होता हे राजारामाला तोंडपाठ होते. त्यानंतर त्याने पडद्यासमोर बसून निवड करावी. निवडलेले ते दोन हार्डडिस्कवर जावे : एक येथे स्टुडिओत, दुसरी गिरगावात मेहुण्याच्या, माधवच्या घरी. एक घर बुडाले, जळाले तरी दुसरे राहावे, हा त्यामागचा विचार. डिस्कच्या या दोन्ही पेट्या तंतोतंत सारख्या असल्या पाहिजेत, असा त्याचा दंडक होता. आणि हे सर्व झाल्यावरच आंबलेली फिल्म पोत्यात टाकावी. ते पोते भंगारवाला घेऊन जाई. फिल्म जाळून तिच्यातली चांदी काढणारे लोक कुर्ल्याकडे कोठेतरी होते.

स्वभावाने राजाराम मुळात धास्तावलेला. कुलूप लावून चार पावले गेला की परत येऊन ते ओढून पाहणारा. या कामाने त्याची धास्ती कमी होण्याऐवजी वाढली, कारण पोत्यात गेलेली पट्टी परत येत नसते.

निवडीचा नियम मात्र त्याचा स्वतःचा नव्हता, वडिलांचा होता. समूहाचा फोटो असला की तुळशीदास तीन वेळा कळ दाबीत. तिन्हींपैकी ज्या चौकटीत सर्वांचे डोळे उघडे, तेवढीच छापीत. उरलेल्यांच्या पाकिटावर तांबड्या पेन्सिलीने फुली मारीत. त्यांचे लहानपण परळच्या मूर्तिशाळांत मूर्तिकारांच्या मांडीला मांडी लावून गेलेले. ते म्हणत, "मूर्तीचे डोळे शेवटी उघडतात. तोवर ती माती. मिटल्या डोळ्यांचा फोटो मी कोणाच्या घरी देणार नाही. जिवंत माणसाला मयतासारखा भिंतीवर कोण टांगील?" राजाराम हे ऐकतच मोठा झाला. तेव्हा पडद्यावर मिटलेले डोळे दिसले की त्याचे बोट आपोआप पुसण्याच्या कळीकडे जाई, आणि संध्याकाळी तो संगणकातली कचरापेटीही रिकामी करी. यात त्याला कधी शंका आली नाही. साऱ्या कामातली तेवढीच एक पायरी अशी होती की जिच्यावर त्याची छाती धडधडत नसे.

नवरात्र जवळ आले होते, तेव्हाची गोष्ट. दुपारी स्टुडिओच्या उंबऱ्याशी एक पांढऱ्या लुगड्यातली बाई येऊन उभी राहिली. परळच्या चाळीतल्या मीराबाई. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा जगदीश होता. तो एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होता.

"राजारामभाऊ, तुम्ही जुने फोटो कॉम्प्युटरात भरताय म्हणे?" मीराबाईंनी विचारले.

"भरतोय. बसा ना. कोणाचा हवाय?"

"ह्याच्या बापाचा. रविवारी ह्याचं लग्न आहे. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी बापाचा फोटो ठेवायचाय. ह्यानं बापाला बघितलेलंच नाही, भाऊ. हा पोटात होता."

मीराबाईंचे पती बाबुराव गिरणीच्या रिंग खात्यात, सूत कातायच्या यंत्रांवर होते. संपाच्या दुसऱ्या वर्षी, बंदरावर ओझी उचलता उचलता छातीच्या दुखण्याने गेले. गेटपासावर एक फोटो होता, तो हिशेब घेताना गिरणीत जमा झाला. स्टुडिओत येऊन फोटो काढून घेण्याइतकी हौस त्यांना नव्हती.

"पण संपाच्या आधीच्या दसऱ्याला तुमच्या वडिलांनी खात्याचा फोटो काढलेला," मीराबाई म्हणाल्या. "यंत्राच्या पूजेला आमचे हे जात नसत. त्या दिवशी आमचा धम्माचा दिवस. पण खात्याचा मुकादम, जॉबर, म्हणाला, बाबुराव, पूजेला येऊ नको, फोटोला ये. फोटो खात्याचा आहे. मग विहारातून थेट पांढऱ्या कपड्यांत जाऊन मागं उभे राहिले."

राजारामाला तो फोटो आठवला. नावाप्रमाणे शोधायला क्षणही लागला नाही, आणि आपल्या व्यवस्थेचा त्याला मनातल्या मनात अभिमान वाटला. पडद्यावर झेंडूच्या माळा घातलेली यंत्रे आली. त्यांच्यापुढे तीन रांगांत माणसे. पहिल्या रांगेतल्या कोणी उत्साहाने नारळ डोक्यावर उंच धरलेला.

"ह्यात कुठं?"

"नारळाच्या मागं," मीराबाई म्हणाल्या. "हाच फोटो आमच्या चाळीतल्या साळव्यांच्या घरी आहे. पंचवीस वर्षं त्या नारळाला शिव्या घालतेय मी."

जगदीश हसला. "आई म्हणते माझा बाप म्हणजे नारळ आणि दोन कान."

"कान तुझ्यासारखेच आहेत, बघ ना."

खरोखरच नारळाच्या दोन बाजूंना दोन कान, खाली पांढऱ्या सदऱ्याची बाही, आणि इतर काही नाही. राजारामही हसू लागला, पण ते हसू अर्ध्यावरच थिजले. वडील तीन वेळा कळ दाबीत. दुसऱ्या चौकटीत नारळ खाली आलेला असणार. एवढा वेळ हात वर धरून कोण उभा राहील? आणि ती दुसरी चौकट, ती तिसरी चौकट, त्यांच्यावर तांबडी फुली होती. कोणाचे तरी डोळे मिटले होते. त्या त्याने स्वतः, या खुर्चीत बसून, चहा पिता पिता पुसल्या होत्या.

त्याने कचरापेटी उघडून पाहिली. रिकामी. मांडणीवरच्या डब्याकडे पाहिले. तो तर गेल्याच महिन्यात धुऊन कौसल्येने त्यात रवा भरला होता.

"फेकलं का?" मीराबाईंनी शांतपणे विचारले. माणसाच्या पाठीवरूनसुद्धा मन ओळखणाऱ्या त्या बाई.

खोटे बोलणे त्याला जमले नाही. "अजून दोन चौकटी होत्या. मी काढून टाकल्या. फिल्मही गेली." त्याने पडद्यावरचे चित्र बंद केले. "पण एक जागा बघायची राहिलीय. उद्या सांगतो."

"सांगा," त्या म्हणाल्या, आणि उठल्या. "नसला तर नाही म्हणून सांगा. पण सांगा."

ती जागा म्हणजे गिरगावातली डिस्क. मात्र त्या जागेविषयीही राजारामाला फारशी आशा नव्हती, कारण निवड आधी आणि प्रत नंतर, असा त्याचाच क्रम होता. तो आतल्या खोलीत गेला. कौसल्या स्कॅनरची काच पुसत होती. सारे ऐकून तिचा हात थांबला.

"दसऱ्याच्या पट्ट्या ना? रिंग खात्याच्या?" ती म्हणाली. "अहो, त्या आठवड्यात माधवच्या नातीचं बारसं होतं. मी शुक्रवारीच डिस्क घेऊन गेले. तुमची निवड व्हायची होती."

"म्हणजे तू न निवडलेलं नेलंस?"

"होतं तसं नेलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बारशाला सोडलं नसतं."

एरवी या उत्तराने तो दोन दिवस धुमसला असता. आज त्याने पत्नीचा हात धरला. पण लगेच त्याला आपलेच बोलणे आठवले. बारशानंतरच्या रविवारी त्याने नेहमीच्या धास्तीपायी माधवला फोनवर बजावले होते : आमच्या पेटीत जे नाही, ते तुझ्याही पेटीत राहता कामा नये, जुळवून घे आणि जास्तीचे पुसून टाक. त्यानंतर दर रविवारी तो न चुकता विचारी, जुळवलेस का? आणि माधव न चुकता म्हणे, शब्दाला शब्द, भावोजी.

त्याने फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. मग पायांत चपला अडकवून तो तसाच बसच्या थांब्याकडे निघाला.

बस भायखळ्याच्या पुढे रेंगाळली. राजाराम खिडकीशी बसून आपल्याच दंडकाचा एकेक शब्द उलटून पाहत होता. किती काळजीने त्याने ते नियम रचले होते! एकही चित्र हरवू नये म्हणून दोन पेट्या केल्या, आणि त्या दोन्ही सारख्या राहाव्यात म्हणून एकीतली चूक दुसरीतही करायला लावली. माधव आळशी आहे, असे कौसल्या नेहमी म्हणे. ते खरे असावे, अशी प्रार्थना करीत तो प्रवास करीत होता. आणि सासुरवाडीच्या माणसाविषयी इतक्या मनापासून अशी प्रार्थना करणारा बहुधा तो पहिलाच असेल. पण माधव हल्ली सुधारला होता. निवृत्तीनंतर पहाटे चौपाटीवर फिरायला जाऊ लागला होता. अशा माणसाचा काय भरवसा?

गिरगावातल्या वाडीत शिरून तो जिना चढला, तेव्हा माधव गॅलरीत वर्तमानपत्र पसरून वाल सोलत बसला होता.

"या भावोजी. फोन आत चार्जिंगला आहे. ताई बरी ना?"

"ती डिस्क. तू जुळवलीस?"

"जुळवली की."

"जास्तीचं पुसलंस?"

"सगळं. शब्दाला शब्द. तुम्ही काळजीच सोडा."

राजाराम गॅलरीच्या कठड्याला टेकला आणि तसाच खाली सरकत वालांच्या शेजारी बसला.  माधवने पाण्याचा तांब्या पुढे केला. राजारामाने तुटक शब्दांत सारे सांगितले : रविवारचे लग्न, पोटात असताना बाप गेलेला मुलगा, नारळ, दोन कान.

माधवने हातातला वाल परत ढिगात टाकला.

"भावोजी, ताईला सांगणार नसाल तर एक बोलू?"

"बोल."

"बारशापासनं ती पेटी मी उघडलेलीच नाही. बारशाला ताईनं आणली, ती पिशवी मी तशीच कपाटात सारली. तिला वाटतं एकच डिस्क आहे माझ्याकडे. आहेत दोन. दुसरी मी नातीच्या फोटोंसाठी घेतली, ताई नवं भरायला डिस्क मागते तेव्हा तीच देतो."

"मग शब्दाला शब्द?"

"ते म्हणायला काय लागतं?" माधव ओशाळून म्हणाला. "तुमच्या आवाजात इतकी काळजी असते, की नाही म्हणवत नाही."

राजारामाने डोळे मिटले आणि उघडले. रागवायचे की पाया पडायचे, हे त्याला ठरवता येईना.

लोखंडी कपाटात, शालूच्या घडीखाली, झबल्यात गुंडाळलेली डिस्क निघाली. संगणकाला जोडली. हिरवा दिवा लुकलुकला, आत काहीतरी कुरकुरले, आणि पडद्यावर काहीच आले नाही. माधवने वायर हलवली. दिवा विझला.

"हलवू नकोस," राजाराम म्हणाला. आपला आवाज त्याला परका वाटला. "हात लावू नकोस कशाला. दुसरी वायर आहे?"

दुसरी वायर शेजाऱ्यांकडून आली. दिवा पुन्हा लागला. कुरकूर झाली, थांबली, पुन्हा झाली. या कुरकुरीत बाबुरावांचे असणे किंवा नसणे ठरत होते. राजारामाला वाटले, आपण देवळाच्या बंद दारासमोर उभे आहोत आणि आत पुजारी आहे की नाही हेही आपल्याला ठाऊक नाही. मग पडद्यावर नावांची रांग उतरली. त्याच्याच पद्धतीची नावे : वर्ष, खाते, क्रमांक. एक. दोन. तीन.

उघडून पाहण्याची अनावर इच्छा त्याने आवरली. आधी माधवच्या संगणकावर एक प्रत केली, खिशातल्या पेनड्राइव्हवर दुसरी केली, आणि मगच दुसरी चौकट उघडली.

नारळ खाली आला होता. मागे पांढऱ्या सदऱ्यातला एक उंच माणूस उभा होता. जाड भुवया, अंमळ पुढे आलेला खालचा ओठ, जगदीशचे कान. हनुवटी वर उचललेली. आणि डोळे मिटलेले.

साऱ्या समूहात तेवढेच दोन डोळे मिटलेले. या एका माणसापायी वडिलांनी त्या चौकटीवर फुली मारली होती. तिसऱ्या चौकटीत त्याची मान वळलेली होती.

"आता काय?" माधव म्हणाला. "डोळे उघडून देतात हो हल्ली. माझा पुतण्या करतो. कोणाचेही डोळे कोणालाही बसवतो."

राजारामाच्याही मनात तेच आले होते. मुलाचे डोळे बापाला शोभले असते. स्टुडिओत परतल्यावर त्याने जगदीशचा एक जुना फोटो काढलाही. तो शाळेच्या प्रवेशासाठी तुळशीदासांनीच काढलेला. कौसल्येने त्याच्या खांद्यावरून पाहिले आणि नकारार्थी मान हलवून ती आत गेली. राजारामाने तो फोटो पुन्हा जागेवर ठेवला. त्याने बाबुरावांना समूहातून वेगळे केले, ओरखडे पुसले, आणि मिटल्या डोळ्यांसह चित्र छापले. वडिलांनी आयुष्यात दिले नसते ते चित्र घेऊन तो दुसऱ्या दिवशी परळची चाळ चढला. ही बाई ते पाहून रडली, किंवा मयताचा फोटो आणलात म्हणाली, तर आपण तोंड कोठे लपवावे?

मीराबाईंनी चष्मा लावला. खिडकीशी जाऊन चित्र उजेडात धरले. चाळीच्या नळावर भांड्यांचा गलबला चालला होता.  जगदीश त्यांच्या खांद्याशी उभा राहिला, आणि राजारामाला दिसले की त्या मुलाचा हात नकळत स्वतःच्या कानाला लागला आहे.

"झोपलेत," मीराबाई शेवटी म्हणाल्या.

"डोळे मिटलेत," राजाराम घाईने बोलू लागला. "त्या क्षणी पापणी लवली असेल. हवं असेल तर उघडून देता येतात. संगणकावर होतं. रविवारच्या आत..."

"आई, देऊ या ना करून," जगदीश म्हणाला.

"कोणाचे लावणार?"

"ह्याचे," राजारामाने प्रामाणिकपणे सांगितले.

"मग तो हाच होईल. बाप कुठला?" त्यांनी चित्र छातीशी घेतले नाही, खाली ठेवले नाही, तसेच धरून ठेवले. "पापणी नाही लवली, भाऊ. आदल्या रात्री तिसरी पाळी केलेली, सकाळी विहारात, मग तुमच्या फोटोला. उभ्या उभ्या डोळा लागायचा ह्यांचा. नळाच्या रांगेत लागायचा. भाषणात लागायचा. मी चिमटा काढायची. तिथं चिमटा काढायला कोण होतं?"  मुलाकडे वळून त्या म्हणाल्या, "हा बघ. असा होता."

जगदीशने चित्र आपल्या हातात घेतले. मग त्याने तसबिरींच्या फळीवर थोडी जागा केली.

राजाराम परतला तो हलका होऊन नव्हे. एक चेहरा सापडला होता. तोही त्याच्या व्यवस्थेमुळे नव्हे, एका बारशामुळे आणि एका आळशाच्या थापेमुळे. त्या आधीच्या आणि नंतरच्या डब्यांतल्या फुल्यांचे काय? त्या पट्ट्या भंगारवाल्याच्या भट्टीत वितळून कधीच्या चांदी झाल्या असतील. त्यांत कोण कोण उभ्या उभ्या झोपले होते, कोणाच्या घरी त्यांची वाट पाहिली जात होती, हे आता कोणी सांगू शकणार नव्हते. मसाल्याच्या गल्लीतून जाताना प्रत्येक म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे तो चोरट्यासारखा पाहू लागला. ही तर येणार नाही ना उद्या उंबऱ्याशी?

स्टुडिओत फोन वाजत होता. माधव होता. "भावोजी, आता रीतसर जुळवू का? आज खरंच करतो."

"काही जुळवू नकोस," राजाराम म्हणाला. "हातसुद्धा लावू नकोस. तुझ्यासारखाच राहा."

मग त्याने हात धुतले. मांडणीवर अजून न उघडलेले डबे होते. ते त्याने खाली उतरवले, आणि या वेळी प्रथम ती पाकिटे वेगळी काढली ज्यांवर वडिलांच्या हातची तांबडी फुली होती. वडिलांना मनोमन नमस्कार करून त्याने पहिले पाकीट उघडले. आंबूस वास नाकात भिनला. पट्टी कडेने वळली होती, पण अजून तुटली नव्हती.

कौसल्येने ती काचेवर ठेवली. पडद्यावर हळूहळू एक लग्नघर उतरले. मांडवाच्या खांबाशी एक अनोळखी म्हातारी, पापण्या घट्ट मिटलेल्या.

"हिचे डोळे मिटलेत," कौसल्या म्हणाली. "नाव काय घालू?"

राजाराम मांडवामागची आरास निरखू लागला. साल लागत नव्हते. चाळही ओळखू येत नव्हती. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक आली, आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्याकडे त्याची नजर गेली. त्याने उठून दार लोटून घेतले, आणि पुन्हा पडद्यासमोर येऊन बसला.